खुर्च्या त्यांच्या, पडदा ह्यांचा

आमच्या कुरिंगा गावात नाटकमंडळ्या दोन आणि हॉल एकच. खुर्च्या इन्स्टिट्यूटवाल्यांच्या, पडदा चर्चवाल्यांचा. तांब्याच्या खाणी चालू होत्या तेव्हा मंडळी एकच होती म्हणे. मग नायिका कोण यावरून दोन बहिणींचं फाटलं, मंडळी फुटली आणि वाटणी अशी झाली की एकीवाचून दुसरीचं नाटक उभंच राहू नये. त्या बहिणी कधीच मातीला गेल्या. वाटणी मात्र ठणठणीत आहे.

या दोन्हींच्या मधे बेरिल ट्रेविथन. माहेर चर्चवालं, नवरा इन्स्टिट्यूटवाला, म्हणून लग्न झाल्या झाल्या दोन्ही मंडळ्यांनी हॉल तिच्या गळ्यात मारला. नवरा वारला, केस पिकले, तरी बिचारी निरोपच पोचवतेय.

"बेरिल, सांग त्यांना, आमच्या खुर्च्यांवर बसून पेस्टी खायची नाही! आतल्या मटणाच्या तेलाचे डाग पडतात!" हा क्लेम पेंगेली, इन्स्टिट्यूटचा अध्यक्ष. बाजारात मेंढ्यांचा लिलाव पुकारतो, त्यामुळे 'गुड मॉर्निंग'सुद्धा पुकारूनच म्हणतो.

"बेरिल डिअर, त्यांना म्हणावं, पडदा ओढायचा नसतो. सरकवायचा असतो." ही चर्चची डोरीन बोहेम. ओठ न हलवता बोलते. दातांत टाचण्या धरल्यासारखी.

यावर बेरिल आंटी आधी सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा उसासा सोडते, मग म्हणते, "सांगते बाबा."

या हिवाळ्यात कौन्सिलने कळवलं, यंदा नाटक झालं नाही तर हॉल बॅडमिंटनवाल्यांना. इन्स्टिट्यूटवाल्यांचं नाटक बसत आलं होतं. त्यात मी पोलीस. आणि नेमकं तालमीनंतरच्या चहाला क्लेम डोरीनच्या लॅमिंग्टनला "जरा कोरडा" म्हणाला. तो केक तिच्या आईच्या कृतीचा. डोरीनने पडदा उतरवला आणि गाडीत घालून घरी नेला.

क्लेमने काय करावं? स्वतःच्याच खुर्च्या शेडमध्ये कोंडल्या!

"अरे, नाटक तुझं आहे ना?" आंटीने विचारलं.

"पडदा नाही तर नाटक नाही. आणि नाटक नाही तर तिला बसायला खुर्ची तरी कशाला?"

आंटी तशीच डोरीनकडे गेली.

"बेरिल डिअर, आधी त्याला माफी मागू दे."

"डोरीन, हॉल जाईल गं!"

"जाऊ दे. माझ्या आईचा अपमान झालाय."

आंटी परत आली ती पाय आपटतच. "तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना! मरा म्हणावं दोघं. ए पोलीस, गावात सांगून ये. येताना आपापली खुर्ची आणायची, फुटबॉलला आणता तशी."

"आणि पडदा, आंटी?"

"बघते."

प्रयोगाला गाव लोटलं. घडीच्या खुर्च्या, ब्लँकेटं, थर्मास. पहिला अंक संपला तशी आंटी एप्रनवरच स्टेजवर आली आणि ओरडली, "मिटा डोळे!" सगळ्या गावाने मुकाट्याने मिटले. आम्ही सोफा उचलून पळालो. कौन्सिलच्या बाईने एक डोळा किलकिला केला, तर आंटी म्हणाली, "बाई, तुम्हीसुद्धा. आम्हीच निवडून दिलंय तुम्हाला." बाईंनी दोन्ही मिटले.

शेवटी टाळ्या थांबेनात. बाई म्हणाल्या, "हॉल नाटकालाच राहील. कुठल्या मंडळीच्या नावावर लावू?"

"इन्स्टिट्यूट!" मागच्या रांगेतून क्लेमने पुकारा केला.

"चर्च," टाचण्यांमधून आलं.

"पण खुर्च्या आणि पडदा तर कुणाचेच दिसले नाहीत," बाई म्हणाल्या.

दोघंही एकदमच वळले. "बेरिल, सांग ना यांना!"

आंटीने यावेळी उसासासुद्धा सोडला नाही. "ट्रेविथन मंडळी, असं लिहा," ती म्हणाली.

"आंटी, अगं, तिसरी?" मी म्हटलं.

"मग काय करू? दोन्ही तर कामाच्या नाहीत." आणि खाली बघून सगळ्यांवरच खेकसली, "बुधवारी तालीम! उशिरा येणाऱ्याने यायचंच नाही. आणि आता हा सोफा कोण उचलणार? का तोही मीच उचलू?"

क्लेमने एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला बराच वेळ कुणी येईना. मग डोरीन उठली.