पडद्यावर पाया पडलेली आई

माझ्या आईवर मी पुस्तक लिहिलं आणि त्यात काय आहे ते आईलाच माहीत नाही. तिला वाचता येत नाही, आणि मला वाचून दाखवायला वेळ झाला नाही. मिठागरातल्या बायांच्या कष्टांवर मी गावोगाव भाषणं दिली, शाली घेतल्या. घरी आल्यावर मात्र माझं डोकं दुखायचं.

पुस्तकात एक प्रसंग आहे. उरणच्या बाजूला एका मिठागरात आई डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची. एक दिवस पायाच्या भेगांत मीठ शिरून एका बाईला पाऊल टाकवेना, म्हणून ती बांधावर बसली. मुकादमाने तिला आईवरून शिवी घातली. आईने डोक्यावरची भरली पाटी त्याच्या पायांवर ओतली आणि त्या बाईला धरून सरळ घरी आणलं. पुढे हंगामभर आईला कोणी कामावर घेतलं नाही. आम्ही पेज पिऊन दिवस काढले, पण त्या पाटीचा आईला अजून माज आहे, आणि तो असायलाच हवा.

पुस्तकावर टीव्ही मालिका करायचं ठरलं. मालिकावाले पनवेलच्या आमच्या फ्लॅटवर आले तेव्हा आई हरखून गेली. तिचं काम करणाऱ्या नटीला तिने हॉलमध्ये उभं करून जुन्या लुगड्याची चुंबळ वळायला शिकवली. घरात पाटी नव्हती, म्हणून कपडे धुवायचा टब तिच्या डोक्यावर ठेवला. "मान ताठ ठेव गो बाय," आई सांगत होती, "वाकलीस तर परशील." नटीला ते फारच क्यूट वाटलं. तिने आईसोबत फोटो काढले.

आठवड्याने त्यांच्या लेखकाचा फोन आला. "मॅडम, सीन पॉवरफुल आहे. पण हिरॉइनने पहिल्याच आठवड्यात मुकादमाची जिरवली तर पुढे ती सोसणार काय? आपण तिला पाया पडायला लावू. बायका रडल्या पाहिजेत."

मी भांडले का? छे. "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," म्हणाले. मालिकेच्या सुरुवातीला माझं नाव मोठ्या अक्षरांत यावं, यासाठी मात्र त्याच फोनवर अर्धा तास हुज्जत घातली. तिथे मला बरोब्बर कंठ फुटला.

आईला यातलं काही सांगितलं नाही. सांगेन, सांगेन म्हणत राहिले. तो भाग टीव्हीवर येणार होता त्या संध्याकाळी तिने मजल्यावरच्या सगळ्या बायकांना बोलावलं, मला पोहे करायला लावले आणि स्वतः टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसली. माझं नाव आलं तेव्हा तिनेच टाळ्या वाजवल्या. मग नटी आली, मान अगदी आईने शिकवल्यासारखी ताठ. मुकादम ओरडला. तिने पाटी खाली ठेवली, त्याच्या पायांवर डोकं टेकवलं आणि हुंदके देत माफी मागितली. शेजारीण डोळे पुसत, आईचा हात धरून म्हणाली, "किती सोसलंत हो आजी!" आईने तिचा हात झटकला.

बायका गेल्या. पोह्यांच्या बशा तशाच पडल्या होत्या.

"मी कवा परले गो त्याच्या पाया?" आईने विचारलं. "तू असं लिवलंस?"

"नाही गं. त्यांनी बदललं."

"तुला इचारलं नाय?"

"नाही."

इतकं सोपं गेलं मला ते. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि माझी तिच्याकडे बघायची हिंमत होईना. गुडघ्यांवर हात टेकत ती उठली, पदर खोचला.

"लाव त्याला फोन. माज्या पोरीला न इचारता कसा बदलला ता, मी बोलते त्याच्याशी. तू भिऊ नको, मी हाय."

त्या लेखकाचा नंबर माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर होता. मी तिला म्हणाले, रेंज नाही.