नर्सबाईवर बंदी

आमच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीचा नियम साधा होता: जो आधी चढेल त्याची खिडकी. आमच्या गेमचा नियमही तिथूनच आला. आम्ही पाच जण रोज सकाळी चाकणला जाताना मोबाइलवर पाच विरुद्ध पाचचा लढाईचा गेम खेळायचो, आणि कोणी कोणता योद्धा घ्यायचा हे स्टॉपच्या क्रमानं ठरायचं. देहूरोडचा फोर्कलिफ्टवाला सगळ्यात आधी चढायचा. मग निगडीला पेंट शॉपमधले दोघे, मग भोसरीला स्टोअरमधला एक, आणि शेवटी मोशीला मी. मी बसमध्ये पाय ठेवेपर्यंत चांगलं ते सगळं वाटून झालेलं असायचं.

ज्यांनी हा गेम कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन बाजूंना एकेक किल्ला असतो. समोरच्याचा किल्ला आधी पाडायचा. शंभरेक योद्ध्यांमधून प्रत्येकानं एक निवडायचा. कोणी पुढं राहून मार खाणारा, कोणी जवळून वार करणारा, कोणी लांबून बाण मारणारा, कोणी जादूवाला. आणि एक मागं राहून बाकीच्यांच्या जखमा भरणारा. आमची टीम सुरुवातीला लग्नाच्या वरातीसारखी होती: नाचायला सगळे तयार, सामान उचलायला कोणी नाही. पाचही जण तलवारी घेऊन धावायचे आणि पाचही जण मरायचे. असं पुष्कळ हरल्यावर देहूरोडच्याला साक्षात्कार झाला की एक जण जखमा भरणारा पाहिजे. ते काम कोणाकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. ते शेवटच्या स्टॉपकडे आलं.

ती पांढऱ्या झग्यातली, हातात कंदिलासारखी काठी घेतलेली बाई होती. तिचं गेममधलं नाव कोणी घेत नसे, सगळे नर्सबाई म्हणायचे. चाकणच्या चौकातल्या वाहनांच्या कोंडीला अख्खी पंचक्रोशी शिव्या देते, पण आम्ही कधी दिल्या नाहीत, कारण एक पूर्ण डाव त्या कोंडीतच बसायचा. बसभर नुसता एकच गजर: "ताई, हील! ताई, हील द्या ना!" मी त्यांच्या जखमा भरून द्यायचे. मग ते माझ्याकडं न बघता पुढं धावायचे. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते उगाच नाही. नर्सबाई मागं एकटी सापडून मरायची आणि वर हेच मला विचारायचे, "ताई, कुठं गेलात?"

मला तलवारवाली हवी होती. लाल ओढणीची, दोन तलवारींची. मी एकदा स्पष्ट मागितली. देहूरोडचा म्हणाला, "ताई, तुमी लेट चढता, त्याला आमी काय करणार?"

आता मोशी देहूरोडच्या आधी येत नाही, यात माझा काय दोष? पण मी भांडले नाही. माझा स्वभाव तसा तिखट आहे, आम्ही परभणीकडची माणसं, पोटात ठेवत नाही. तरी तिथं गप्प बसले, कारण मोशीतल्या खोलीवर मी एकटी राहायचे आणि दिवसभरात मनापासून हसायचे ते त्या बसमध्येच. एक गोष्ट मात्र खुपायची. डाव संपला की कोणी किती मारले ते दिसतं. माझ्या ओळीत नेहमी शून्य. देहूरोडचा त्याचा फोटो स्टेटसला लावायचा तेव्हा खालची ओळ कापून लावायचा. म्हणजे मला. तलवारवाली मिळावी ही हौस होती, पण या टीममध्ये मीही आहे हे कोणाच्या तरी ध्यानात यावं, याची मला भूकच लागली होती. दुसरा शब्द नाही.

मग मी नर्सबाईच नीट शिकले. या गेममध्ये प्रत्येकाला तोड असते. पुढं मार खाणाऱ्या जाड्याला तोड लांबून टोचत मागं सरकणारा तिरंदाज. तिरंदाजाला तोड अंगावर उडी मारणारा. उडी मारणाऱ्याला तोड साखळीवाला, तो जागेवर जखडून टाकतो. आणि साखळीला तोड नर्सबाई. तिच्याकडं एक पांढरा उजेड असतो, तो योग्य क्षणी टाकला तर साखळी गळून पडते. मला हे रात्रीच्या भाकरीसोबत मोबाइलवर लोकांचे डाव बघून कळलं. आमच्या चौघांचा समज असा, की नर्सबाई फक्त रक्त भरते. साखळी आपोआप सुटते असं त्यांना वाटायचं.

कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात त्या वर्षी रांगोळी आणि बुद्धिबळासोबत आमचा गेमही आला. एचआरला तरुण मुलं खूश करायची होती. आम्ही अंतिम फेरीत पोहोचलो. समोर डिझाइन विभागाचे पाच जण, बहुतेक पिंपळे सौदागरच्या मोठ्या सोसायट्यांतले. त्यांची कॅप्टन चष्म्याची एक किडकिडीत मुलगी, डाव चालू असताना अक्षर न बोलणारी. कॅन्टीनमध्ये मोठा पडदा लावलेला, तीनपैकी दोन डाव जिंकायचे. आणि स्पर्धेतही आम्ही निवड केली ती बसच्याच क्रमानं, मी शेवटी.

त्यांची सगळी रचना साखळीवर उभी होती. दोघे जखडणार, तिघे तुटून पडणार. पहिल्या डावात त्यांनी देहूरोडच्याला जखडलं की मी सोडवायचे, निगडीच्यांना जखडलं की सोडवायचे. त्यांचे तिघे तुटून पडायला यायचे तेव्हा आमचे मोकळेच असायचे. आम्ही जिंकलो. चौघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. भोसरीचा देहूरोडच्याला ओरडून म्हणाला, "भावा, एकट्यानं काढली मॅच!" मी पाण्याची बाटली उघडून प्यायले.

दुसऱ्या डावाआधी बंदीची पाळी आली. दुसऱ्या डावापासून प्रत्येक बाजूला समोरच्यांचा एक योद्धा त्या डावापुरता बंद करता येत होता. देहूरोडचा छाती फुगवून बसला होता, त्याचा जाड्या बंद होणार याची त्याला खात्री होती. चष्म्याच्या मुलीनं शेजारच्याच्या कानात काही सांगितलं आणि बोट टेकवलं. पडद्यावर नर्सबाईचा चेहरा राखाडी झाला, त्यावर लाल फुली आली.

आमचे चौघे हसले. नुसते नाही, टाळ्या देऊन हसले. "बंदी वाया घालवली राव!" निगडीचा एक म्हणाला. "नर्सला कोण बंद करतं?" देहूरोडच्यानं माझ्या खुर्चीवर थाप मारली, "ताई, आता तुमी सुट्टीवर." मलाही हसायला हवं होतं म्हणून मी हसले, पण कान तापले होते. त्या मुलीनं सगळ्यांतून मला शोधून काढलं होतं. जिच्याशी मी कधी दोन शब्द बोलले नव्हते तिला मी दिसले होते, आणि ज्यांच्यासोबत रोज डबा खात होते ते टाळ्या देत होते. पिकतं तिथं विकत नाही. मला एकाच वेळी इतका अभिमान आणि इतका राग कधी आला नव्हता.

डाव सुरू झाल्यावर आमच्या चौघांचं हसू फार टिकलं नाही. उरल्यासुरल्यांतून मी एक तिरंदाज घेतला होता. पहिल्या झटापटीतच देहूरोडचा जखडला गेला. "ताई, सोडवा की!" "कशानं सोडवू?" मी विचारलं. तो मेला. मग निगडीचे दोघे त्याच जागी मेले. आमचा किल्ला पडला तेव्हा डावाआधी वाटलेले समोसे अजून गरम होते.

तिसऱ्या डावाला परत तीच लाल फुली. या वेळी कोणी हसलं नाही. पडद्यावरचं घड्याळ उलटं पळत होतं, आणि देहूरोडचा माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, तुमी आधी घ्या."

वर्षभर मी या वाक्याची वाट पाहिली होती. चौघांच्या नजरांत स्वच्छ दिसत होतं की मी दुसरा कोणी जखमा भरणारा घ्यावा. मला ते कळत होतं आणि तेच शहाणपणाचंही होतं. मी तलवारवाली घेतली.

निगडीच्यानं कपाळाला हात लावला. बाकीच्यांनी आपापलं घेतलं आणि शेवटची निवड देहूरोडच्याकडं राहिली. त्यानं एक म्हातारा साधू घेतला, घंटा वाजवून जखमा भरणारा. त्यानं तो आयुष्यात कधी खेळला नव्हता. साधूकडं साखळीला तोड नव्हती, पण निदान रक्त तरी भरायचा.

मी पहिल्यांदा वाईट खेळले, मग बरी खेळले. माझ्यामागं तो म्हातारा धापा टाकत पळत होता, नको तिथं घंटा वाजवत होता. एकदा अरुंद वाटेत माझं रक्त तळाला गेलं आणि मी मेलेच असं वाटलं, तेवढ्यात घंटा वाजली आणि मी भरले. समोरचे दोन तिरंदाज मी तिथंच कापले. मी ओरडले, खुर्चीवरून उठले, मला इतका आनंद झाला होता. आणि मी पुढं धावले. साधू मागं एकटा सापडून मेला हे मला पडद्यावरच्या सूचनेतून कळलं. थोड्या वेळानं मला जखडलं, सोडवायला कोणी नव्हतं, आणि आमचा किल्ला पडला.

शेवटी आकडे आले. देहूरोडच्याच्या ओळीत शून्य होतं. तो त्याकडं बराच वेळ बघत बसला.

जेवणात पुलाव होता. देहूरोडचा ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. हरल्याबद्दल शिव्या देईल असं वाटलं, माझ्याकडं उत्तरंही तयार होती. त्यानं पुलावातला वाटाणा इकडून तिकडं ढकलला.

"ताई," तो म्हणाला, "ह्या कामात आपल्याकडं कुणी बघतच न्हाई व्हय?"

वर्षभराचं सगळं तोंडाशी आलं, पण त्याचा चेहरा इतका उतरला होता की ते बाहेर पडेना. पलीकडच्या टेबलावर ती चष्म्याची मुलगी ट्रॉफी बाजूला ठेवून जेवत होती. तिचं लक्ष आमच्याकडं गेलं आणि तिनं मला बघून मान डोलावली.

"बघतात की," मी म्हटलं. "समोरचे बघतात."