न उघडता जाणारे क्रेट

बाजारात त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. गाडीतून टोमॅटोचा पहिला क्रेट उतरायच्या आत त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते रिकामी गाडी परत निघेपर्यंत. हवा, खत, शेजाऱ्याची म्हैस, कुठलाही विषय वर्ज्य नव्हता.

पंचवीस वर्षं त्याचा माल एकच चष्मा लावणारा भाजीचा दुकानदार घेत होता. इतरांचे क्रेट तो ओतून तळ बघायचा, कारण वर गोमटे आणि खाली किडके ही बाजाराची जुनी रीत. रेडिओचे मात्र न उघडता उचलायचा. “बोलणाऱ्याची मातीही खपते आणि मुक्याचं सोनंही पडून राहतं,” असं रेडिओ घरी बायकोला ऐकवायचा. ती ऐकून घ्यायची. एका घरात बोलायचं तरी किती जणांनी!

ती शेताच्या कडेच्या शेडमध्ये बसून क्रेट भरायची. प्रत्येक टोमॅटो हातात फिरवून, देठाशी अंगठा दाबून बघायची आणि मगच ठेवायची. “आटप गं, टोमॅटो भरतेस की दागिने?” तो ओरडायचा. ती हसायची आणि पुढचा उचलायची.

तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली. पीक काही कुणासाठी थांबत नाही. पंधराव्या दिवशी त्यानं स्वतः क्रेट भरले. मनात खोट नव्हती. तळ बघितला तरी कुणी नाव ठेवू नये म्हणून सगळ्यात लाल, रसरशीत टोमॅटो त्यानं मुद्दाम खाली घातले आणि वर कडक माल रचला.

बाजारात दुकानदारानं क्रेट उचलला तर हात ओला झाला. त्यानं पहिल्यांदाच रेडिओचा क्रेट ओतला. तळाचा पार चिखल झाला होता.

“रस्ता, दुसरं काय! हे खड्डे, त्यात तो ड्रायव्हर...” रेडिओ सुरू झाला.

“वहिनींची तब्येत बरी नाही का?” दुकानदारानं विचारलं.

“तिचं काय मधेच?”

“क्रेट त्या भरतात, हे तुम्हीच शंभरदा सांगितलंय, चेष्टा करत. आज विकायचे पिकलेले त्या सगळ्यात वर ठेवतात, उद्याचे मधे, परवाचे कडक तळाला. मी वरून विकत जातो, खालचे आपोआप पिकत येतात. पंचवीस वर्षांत एक टोमॅटो फेकावा लागला नाही. म्हणून तर उघडत नव्हतो.”

रेडिओ ओल्या टोमॅटोंकडे बघत राहिला. आपल्या जिभेवर माल खपतो, असं त्याला जन्मभर वाटत आलं होतं.

“ती गेली,” तो म्हणाला. “पंधरा दिवस झाले.”

दुकानदारानं हातातला क्रेट खाली ठेवला.

“हे मला आधी का नाही सांगितलंत?” रेडिओनं विचारलं. “तिला सांगितलं असतं हो मी. तिला किती बरं वाटलं असतं!”

“दरवेळी सांगायचं ठरवत होतो,” दुकानदार खाली मान घालून म्हणाला. “तुम्ही बोलू द्याल तर ना.”