भट्टीचा चिरा

भिकूतात्यांच्या घराला दारं होती, पण ती लावलेली मी कधी पाहिली नाहीत. खिडक्या उघड्या, डबे उघडे, मिठाची बरणीसुद्धा उघडी. परसात मातीची भट्टी होती. तिच्यात पाव सरकवले की तात्या दोन पावलं मागे होत आणि म्हणत, "मास्तरानू, चिरो लावा." तो जांभ्याचा चिरा भट्टीच्या तोंडाशी लावणं, एवढंच माझं पाकशास्त्र. शेजारी भाड्याने राहणाऱ्या प्राथमिक शिक्षकाला त्यापायी गरम पाव मिळे, म्हणून मी कारण विचारलं नव्हतं.

ते त्यांनीच एकदा सांगितलं. तरुणपणी ते बोटीवर भटारखान्यात लागले. एका इटालियन बोटीवर कडक पाठीचा, आत जाळी पडलेला पाव शिकले. पुढच्या बोटीवर पातरिक नावाचा आयरिश भटारी भेटला. त्याने ताक आणि सोड्यावरचा पाव शिकवला. त्यावर सुरीने चार फाट्यांची चीर द्यायची, भुतं बाहेर पडायला. महायुद्धात ती बोट फुटली. पिठाच्या कोठीचं दार वाकून बसलं. तात्या बाहेर, पातरिक आत.

"पातरिक आतसून ठोकी होतो. मगे थांबलो," तात्या म्हणाले. "आता खंयचाय दार लावला काय माका आतसून ऐकाक येता."

त्या दिवसापासून चिरा लावला की मी अंगणापर्यंत पळत येई.

आयरिश पावाला ताक पुरे. इटालियन पावाचं पीठ मात्र तात्या माडीने, माडाच्या आंबलेल्या रसाने, फुगवत. ते दारूबंदीचे दिवस. लोटाभर माडीसाठीही पोलीस माणसाला नेत, आणि कोठडीचं दार बाहेरून लागतं. तात्यांना धास्ती होती ती एवढ्याचीच.

हे सगळं ठाऊक असलेल्या शहाण्याने, म्हणजे मी, बाजारातल्या चहाच्या दुकानात व्याख्यान दिलं, "माडीशिवाय असा पाव फुगणार नाही! आमच्या तात्यांचा बघा!" शेजारी साध्या कपड्यांत बसलेल्या गृहस्थाने बशीतला चहा संपवला. "मी इथला नवा जमादार. चला मास्तर, दाखवा तो पाव."

वाटभर मी तात्यांना सावध कसं करायचं ते जुळवत चाललो. कुंपणापाशी आल्यावर वर्गात ओरडतो तसा ओरडलो, "तात्या, जमादारसाहेब आलेत पाव बघायला!"

परसात भांडी वाजली, पाणी ओतल्याचा आवाज आला. मग चिरा घासत सरकला. मी तर इथे उभा होतो!

तात्या पोफळीला पाठ लावून उभे होते. सदरा भिजलेला, नजर चिऱ्यावर. जमादाराने मडकं उचललं. "यात काय?"

"ताक, सायबानू. आयर्लंडच्या पावाक."

"आणि आत?"

"पाव. आता उघडल्यार बसतलो. वायच दम धरा."

जमादार पायरीवर बसला. आधी भट्टीतून माडीचा आंबूस वास येत होता. माझी नोकरी मला त्या धुरात जाताना दिसत होती. हळूहळू वास खरपूस झाला. तात्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेलो.

"ठोकता हा," ते पुटपुटले.

पाव निघाला. जमादाराने अर्धा खाल्ला, मिशा पुसल्या आणि उठला. "चहाच्या दुकानात व्याख्यानं देत जाऊ नका, मास्तर."

तो गेल्यावर मी म्हटलं, "तात्या, चिरा तुम्ही लावलात!"

"मगे? तुमी मिरवणूक घेवन येय होतात, लावतलो कोण?" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते भट्टीकडे फिरकले नाहीत. पुढच्या भट्टीला पुन्हा तेच, "मास्तरानू, चिरो लावा."

मग माझी कणकवलीला बदली झाली. काही वर्षांनी तात्या गेल्याचं कळलं. पहाटे ओटीवर बसल्या बसल्याच गेले म्हणे. मी पोचलो तेव्हा घर नेहमीसारखं सताड उघडं होतं. परसात गेलो आणि थबकलो. भट्टीला चिरा लावलेला होता.

लावणारं दुसरं कोणी नव्हतं. मी बराच वेळ कान देऊन उभा राहिलो. पळालो नाही, एवढंच सांगतो. मग चिरा सरकवला. आत ताकाचा पाव होता, करपून काळा झालेला. वर चार फाट्यांची चीर.

चिरा मी पुन्हा लावला नाही.