खंडेनवमीचा पिवळा दिवा

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, तरी दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतो. ब्रेक तिथं नसतोच, तरी पाय दाबतो. आमच्या गाडीत त्यांच्या पायाखालची मॅट तेवढ्याच जागी घासून गुळगुळीत झाली आहे. नवरा चालवायला असला की दाबणं जरा कमी असतं. मी असले की कागल येईपर्यंत मामांची पोटरी दुखायला लागते. तोंडानं काही बोलत नाहीत. बोलले असते तर मी निदान भांडले तरी असते.

मला राग पटकन येतो आणि जातो मात्र त्याच्या सवडीनं. शाळेत पोरं मला लांबून बघूनच ओळीत उभी राहतात. पण ह्या एका पायापुढं माझं काही चालेना. पंचेचाळिसाव्या वर्षी क्लास लावून गाडी शिकले, पहिल्या फटक्यात लायसन काढलं. शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळातून आरसे न घासता गाडी बाहेर काढते, आणि हे काय काम आहे ते तो बोळ बघितलेल्यांना विचारा. तरी मामांचं आपलं दाब आणि दाब.

दसरा झाला की चंदगडला धाकट्या बहिणीकडं जायचं मामांच्या मनात होतं. नवऱ्याला सुट्टी मिळेना. मी म्हटलं, मी नेते. तर म्हणाले, कशाला, एसटीनं जातो की. हे मला इतकं लागलं की दोन दिवस मी त्यांना वाढताना 'भाजी देऊ का' एवढंसुद्धा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ते मुकाट्यानं तयार झाले. चंदगड म्हणजे त्यांचा जुना रूट, तिथलं वळण नि वळण त्यांना पाठ. मी मनाशी ठरवलं, ह्या खेपेला तो पाय गप्प बसवायचाच.

खंडेनवमीला सकाळी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. बोळातल्या बायका दारात उभ्या होत्या. लिंबांवरून गाडी पुढं घ्यायला मी चावी फिरवली आणि समोर पिवळा दिवा लागला. कढईसारखं चित्र आणि आत उद्गारवाचक चिन्ह. म्हणजे कुठल्यातरी चाकात हवा कमी आहे. आयुष्यभर मराठी शिकवली, पण उद्गारवाचक चिन्हाला मी इतकी कधी घाबरले नव्हते. ऐन पूजेला गाडी तक्रार करतेय, शेजारीण खिडकीतून डोकावतेय, आणि मामा आरतीचं ताट घेऊन अगदी समोर. हे दिसलं तर परवा एसटीच.

स्टेअरिंगच्या डाव्या हाताला एक बटण आहे. ते दाबून धरलं की दिवा तीनदा लुकलुकतो आणि जातो, एवढं मला माहीत होतं. दाबलं. गेला. लिंबं फटाफट फुटली, आरती झाली, मी पेढे वाटले. हवा नंतर भरू म्हटलं. मग दसरा आला, सोनं वाटणं आलं, पाहुणे आले, आणि हवा साफ डोक्यातून गेली. दिवा पुन्हा लागला असता तर आठवण झाली असती, पण तो कशाला लागतोय? ते बटण हवा भरून झाल्यावर दाबायचं असतं. ते दाबलं की गाडी समजते, चाकांत आत्ता आहे तेवढी हवा बरोबर. म्हणजे मी, तीस वर्षं शिकवणारी मास्तरीण, गाडीला चुकीचं उत्तर घोकायला लावून बसले होते.

तिसऱ्या दिवशी निघालो. पाय कागलच्या आधीच सुरू झाला. मी दात-ओठ खात गाडी हाकली. गडहिंग्लजच्या अलीकडं चहाला थांबलो. मामा उतरले ते चहाकडं गेलेच नाहीत. एसटीतली सवय, गाडी थांबली की चाकं ठोकायची. हातातल्या काठीनं पुढची दोन ठोकली, ठण आणि ठण. मागचं उजवं, ठण. मागचं डावं बद्द वाजलं. खाली वाकून त्यांनी खिळा दाखवला.

"गाडी तर कायच सांगंना झाली," मामा म्हणाले. "दिवा-बिवा असतो न्हवं ह्यात? खराब हाय वाटतं."

खोटं बोलायची इतकी आयती सोय मला आयुष्यात कुणी करून दिली नव्हती. 'व्हय, खराबच आहे' एवढं म्हटलं असतं तरी सुटले असते. पण त्या बिचाऱ्या दिव्याची मला दया आली की काय, देव जाणे.

"मामा, दिवा चांगला आहे. खंडेनवमीला लागला होता. बायकांसमोर आणि तुमच्यासमोर लाज वाटली म्हणून मीच घालवला. हवा भरलीच नाही."

मामांनी काठीनं ते चाक पुन्हा एकदा ठोकलं. आता एसटी स्टँड कुठं आहे विचारतात, असंच मला वाटलं.

"डेपोत सगळी आपली चूक गाडीवर ढकलत्यात," ते म्हणाले. "मी सुदिक ढकललंय. चल, पंक्चर काढून घे."

समोरच पंक्चरचं दुकान होतं. दुकानदारानं 'या पावणं' म्हणत खिळा उपसला, दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याएवढी हवा चारी चाकांत मोजून भरली. मग मी मामांना जवळ बसवून बटण दाबून धरलं. दिवा तीनदा लुकलुकला आणि गेला. मी सांगितलं, आता गाडीला लगेच काही कळत नाही, अर्धा तास तरी नीट चालवत न्यायची, मग बरोबर हवा किती ते ती शिकते. मामांनी हे फारच मनावर घेतलं. गाडीचा अभ्यास चाललाय म्हणून त्यांनी रेडिओ बंद केला. मी काहीतरी बोलायला गेले तर ओठावर बोट ठेवलं. माझ्या वर्गात इतकी शांतता मी साहेब तपासणीला आले तरी ऐकली नव्हती.

नेसरी मागं पडली, वळणं सुरू झाली. एका मोठ्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. शेजारी हालचालच नव्हती. हळूच बघितलं. उजवा पाय डाव्यावर टाकलेला, काठी मांडीत, मान खिडकीला टेकलेली. मामा झोपले होते.

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पुढं म्हशींचा कळप रस्त्यात आडवा आला. एरवी मी हॉर्न वाजवून गाव गोळा केला असता. त्या दिवशी शेवटची म्हैस पलीकडं जाईपर्यंत गप्प थांबले.