बोलक्या पडद्यातलं जातं

कुंदा वैरागकरला दुपारची झोप नको असते. कुणाला सांगत नाही, पण भीती वाटते तिला. तिची थोरली बहीण, आक्का, गेल्या वर्षी अशीच जेवून घटकाभर आडवी झाली ती उठलीच नाही. तेव्हापासून कुंदा दुपारी चहा पिते, तोंडावर पाणी मारते, रेडिओ मोठ्यानं लावते, पण पाठ टेकत नाही. आज मात्र इलाज नाही. अंगात कणकण आहे, डोकं ठणकतंय, वाचनालयातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी आलीय. वरणभाताचे चार घास कसेबसे गिळून ती कॉटवर पडते आणि स्वतःला बजावते, नुसतं पडायचं, डोळे नाही मिटायचे. आता बघा, असं बजावणाऱ्या माणसाचेच डोळे आधी मिटतात.

डोकं उठलं ते सकाळी, बोलका पडदा चालू केला तेव्हा. आता हा बोलका पडदा काय ते सांगायला हवं, कारण तो आठवणारी माणसं बार्शीत थोडीच उरलीत. पंचवीसेक वर्षांपूर्वी वाचनालयानं मोठ्या हौसेनं पुण्याहून एक यंत्र करून आणलं होतं. कपाटाएवढी लाकडी पेटी आणि तिच्यात काचेचा पडदा. पडद्यावर तालुक्याची माहिती, जुने फोटो, खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या. मजकुरातले काही शब्द निळे असायचे. निळ्या शब्दाला बोट लावलं की त्याचं चित्र उघडायचं, गाणं लागायचं, तिथल्या निळ्या शब्दाला बोट लावलं की माणूस तिसरीकडेच. आज पोरंसोरं फोनवर हेच करतात म्हणा, पण तेव्हा लोक त्याच्यासमोर चपला काढून उभे राहायचे! आणि वाट दाखवायला त्यात एक आवाज होता. "या, बसा. निळ्या शब्दाला बोट लावा." तो आवाज आक्काचा. शाळेत मराठी शिकवायची ती, आणि असा स्वच्छ आवाज अख्ख्या तालुक्यात दुसरा नव्हता.

यंत्र बंद पडून किती वर्षं झाली कोण जाणे. आज आतल्या ओव्या उतरवून घ्यायला पुण्याचा एकजण आला, त्यानं कसली तरी वायर जोडली, आणि कार्डांच्या कपाटाशी उभ्या असलेल्या कुंदाच्या पाठीमागून आक्का म्हणाली, "या, बसा." कुंदाच्या हातातला कप खाली पडून फुटला. लोक धावले, कुणी पाणी दिलं. पण एकदा ऐकलेलं कानातून जातं होय?

पंखा फिरतोय. त्याची घरघर आधी डोक्यावर असते, मग कुशीला येते, मग जरा जड होते. दगडावर दगड फिरावा तशी. कुंदाला वाटतं, उठून पंखा कमी करावा. ती उठते.

आणि ती वाचनालयात उभी आहे. हॉलमध्ये कुणी नाही. दांड्यांना लावलेली वर्तमानपत्रं कोरी आहेत, फक्त मधेच एखादा शब्द निळा आहे. पेटीसमोरच्या खुर्चीत कुणीतरी बाई पाठमोरी बसलीय. मोहरीच्या रंगाचं सुती पातळ, मानेवर घट्ट अंबाडा.

"आक्का!"

"या, बसा," बाई वळून म्हणते. आक्काच आहे.

"अगं, मी कुंदा. मला काय या, बसा म्हणतेस?"

"निळ्या शब्दाला बोट लावा."

आक्काचे ओठ हलतात, पण आवाज येतो तो पेटीतून. बाई गं, एवढं बोलकं माणूस, आणि जाताना यंत्रात बोललेली तेवढीच वाक्यं बरोबर घेऊन गेलं! कुंदाला रडू येतं. वर्षभर साठवलेलं विचारायचं असतं तिला, आणि तेच आधी तोंडून निघतं.

"तुला फार त्रास झाला का गं?"

"ही माहिती उपलब्ध नाही."

"हाक का नाही मारलीस? मी स्वयंपाकघरातच होते की."

"आवाज ऐकू येत नसल्यास जवळ या."

कुंदा जवळ जाते. आणि जवळ गेल्यावर तिला दिसतं, की आक्काचा चेहरा सलग नाही. त्या पडद्यावरचे फोटो जवळून बघितले की बारीक बारीक चौकटी दिसायच्या, तसा आहे. डोळे चार चौकटींचे. ते मिटत नाहीत. माया असली म्हणून काय झालं, भीती ती भीतीच.

"बरं आक्का," ती एक पाऊल मागं सरकत म्हणते, "मी जाते."

वाचनालय नाही. अंधारी, ठेंगणी खोली आहे, शेणानं सारवलेली. मध्ये दगडी जातं. आक्का एक पाय लांब करून जात्याशी बसलीय, आणि समोरची जागा रिकामी आहे.

कुंदाला कळतं काय झालंय ते, आणि कळून अंगावर काटा येतो. यंत्र करणाऱ्या पोरांनी तेव्हा एक घोळ घालून ठेवला होता. छापील मराठीत जातं म्हणजे 'जाते', म्हणून त्यांनी यंत्राला सांगून टाकलं, की 'जाते' शब्द जिथं दिसेल तिथं जात्याचं चित्र जोड. यंत्राला काय अक्कल! नदी गावाला वळसा घालून जाते, बोट लावा, जातं हजर. मुलगी सासरी जाते, पुन्हा जातंच. सगळं गाव हसलं होतं. ते कुणी दुरुस्त करायला आलं नाही, तसंच राहून गेलं.

"बस कुंदे," आक्का म्हणते. "दोघींचं दळण आहे."

आता आवाज पेटीतून येत नाही. आक्काच्या गळ्यातून येतो, थोडा घोगरा, घरातला. इतका वेळ कुंदा त्याच आवाजासाठी आसुसली होती, आणि आता तो आल्यावर तिला पळून जावंसं वाटतं.

भिंतीतून कुणीतरी ओवी म्हणतंय. जुन्या कॅसेटचा असतो तसा आवाज, मधेच ओढलेला, मधेच बुडालेला.

*पाठची गं बहीण माझी, बस समोर जात्याला,*
*एका खुंट्यावर दोन हात, जीव रमंना एकटीला.*

"दाणे कुठायत?" कुंदा विचारते. काहीतरी बोलायचं म्हणून.

"दाणे कशाला हवेत?"

आक्का खुंटा ओढते. जात्याच्या तोंडात दाणा नाही, दगड दगडालाच खातोय, आणि कडेनं करड्या रंगाची पूड पडतेय.

"रिकामं जातं ओढू नये, आक्का. लहानपणी ओढलं होतं तर आईनं दोघींच्या मुस्काटात दिली होती. आठवतंय ना?"

"आईलाच विचार की," आक्का भिंतीकडे मान करते. "ही गातेय ती कोण वाटली तुला?"

कुंदाच्या तोंडचं पाणी पळतं. आई जाऊन किती वर्षं झाली. आता इथं थांबायचं नाही, एवढं एकच तिला समजतं. थांबलं तर आपणही दुपारचं जेवून झोपलेली बाई होणार, आणि कॉटवरची ती झोपलेली बाई उठणार नाही.

"मी जाते, आक्का, जाते मी," ती घाईघाईनं म्हणते.

खोली तीच. फक्त आता ती उभी नाही, रिकाम्या जागेवर बसलीय. पुढ्यात जातं.

"नाही, नाही, मी घरी जाते म्हटलं—"

खोली तीच. आता तिचा उजवा हात खुंट्यावर आहे, आक्काच्या हाताखाली. हात गार नाही. गार असता तर एक वेळ बरं. चांगला उबदार आहे, आणि सुटत नाही. जातं एक फेरा घेतं, दुसरा घेतं. कुंदा ओठ दाताखाली दाबून धरते. तो शब्द पुन्हा उच्चारायचा नाही.

मग कसं निघायचं? यंत्रातून तरी माणूस कसा निघायचा? पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात त्याचा शब्द होता. पुण्याच्या पोरांनी तिथं 'बाहेर पडा' असं लिहिलं होतं, आणि आक्कानं त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं. "आलेल्या माणसाला बाहेर पडा म्हणता? काही रीतभात? आपल्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात." मग पोरांनी तिथं 'येते' असं लिहिलं. पुरुषमाणसंसुद्धा 'येते'ला बोट लावायची, हसायची आणि घरी जायची.

कुंदा बघते. सारवलेल्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात तो शब्द निळा दिसतोय. सुटले बाई! ती तोंड उघडते.

"ये—"

जातं थांबतं. आक्का पुढं झुकलीय. चौकटींचा चेहरा उजळलाय, लग्नाच्या पंगतीत वाढायला निघाल्यासारखा.

"म्हण," आक्का म्हणते. "येते म्हण. पुरतं म्हण."

आणि कुंदाची जीभ टाळ्याला चिकटते. जित्या माणसाला येते म्हटलं तर ती रीत. मेलेल्याला म्हटलं तर तो शब्द दिला. म्हणून तर ज्या घरात माणूस गेलंय तिथून निघताना कुणी येतो म्हणत नाही, मुकाट चपला घालायच्या आणि चालू लागायचं. आता जाते म्हणावं तर जातं, आणि येते म्हणावं तर इथलीच होऊन बसावं. करायचं काय माणसानं?

न बोलता निघायचं, दुसरं काय. जातं थांबलंय तोवर कुंदा हात हिसडून घेते. उठते. भिंत धरत धरत दाराशी येते. दाराबाहेर पंख्याचा वारा आहे, आपल्या घरातला. एक पाऊल टाकलं की झालं.

"सगळे असेच गेले," आक्का मागून म्हणते. "मला उचललं तेव्हा दारात एवढी माणसं होती. एकानं तोंड उघडलं नाही. तूसुद्धा नाही, कुंदे. साठ वर्षांत मी कोपऱ्यावर दूध आणायला निघाले तरी तू ये हं म्हणायचीस. त्या दिवशी नाही म्हणालीस."

कुंदा वळत नाही. वळायचं नसतं.

मग आक्काचा गळा बसतो आणि पुन्हा तो पेटीतला आवाज सुरू होतो. स्वच्छ, हसतमुख, शाळेतला. "पुन्हा या. पुन्हा या. पुन्हा या." अडकलेला. त्याला थांबायचं कळतच नाहीये. भिंतीतली ओवी गेली, सगळं गेलं, तेवढंच राहिलं.

मेलं, हे ऐकून कोण बाहेर पाऊल टाकेल? कुंदाला रडू फुटतं. आणि रडता रडता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. येते कुणी म्हणायचं? जो निघतो त्यानं. पण निघालं कोण? मी कुठं गेलेय? मी आपल्या घरात, आपल्या कॉटवर आहे. गेलीस ती तू, आक्का. मी राहिलेय. आणि राहिलेल्यानं काय म्हणायचं ते ठरलेलं आहे, त्यात कुणाला शब्द द्यावा लागत नाही.

ती दारातून वळते आणि रोज म्हणायची तसं, अगदी मायेनं म्हणते, "ये हं, आक्का."

आवाज थांबतो.

आक्का उठते. पातळाच्या निऱ्या झटकते, त्यातून करडी पूड उडते. तिचा चेहरा आता सलग आहे, एकही चौकट नाही, अगदी जिती आक्का. तृप्त हसते.

"येते," ती म्हणते.

आपण कुणाला काय म्हणून बसलो ते कुंदाला तेव्हा कळतं.

बेल वाजतेय. खूप वेळ वाजत असावी. कुंदा धडपडून उठून बसते. घामानं उशी भिजलीय, ताप उतरलाय. छाती धडधडतेय, म्हणजे चालू आहे, जिवंत आहोत. तिला हसूच येतं. पंखा फिरतोय, रेडिओवर कुणीतरी भाजीचे भाव सांगतंय. देवा, सुटले!

"ताई! अहो ताई!" भांडी घासायला येणारी भारती बाहेरून दार वाजवतेय. "उघडा की. आज कडी का लावली?"

कुंदा दुपारी कधीच कडी लावत नाही. भारतीला हाका माराव्या लागू नयेत म्हणून दार नुसतं लोटलेलं असतं. आजही तिनं लोटलंच होतं, शपथेवर सांगेल ती. उठून ती दाराशी येते.

कडी आतून लावलेली आहे. आणि कडीच्या दांड्यावर करडी पूड आहे, बोटांनी धरल्यासारखी, चार ठिकाणी दाट आणि मधे विरळ.

पाठीमागं घरात रेडिओ तेवढा बोलतोय. कुंदाला मागं वळून बघवत नाही. जा म्हणावं, असं तिच्या मनात येतं. एकदा स्पष्ट म्हणावं, जा, आणि मोकळं व्हावं. ती तोंड उघडते, पण जीभ रेटत नाही. आपल्या माणसाला घरातून जा कुणी म्हणतं का?

"ताई, एकट्याच आहात ना?" बाहेरून भारती विचारते.

कडी काढायला कुंदा हात पुढं करते. दळण नुकतंच उतरलं की पीठ कोमट असतं, तशी ती पूड अजून कोमट आहे.