रॅम्पवरचा कूलर

३ एप्रिल. सकाळपासून कूलरमध्ये नवा वाळा भरायचं काम चाललं आहे. जठारपेठेतलं आमचं मंगल कार्यालय मी चालवते. अकोल्याच्या उन्हाळी लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, कूलर बंद पडलेला चालत नाही.

डेकोरेशनवाले सलीमभाई पहिला कूलर ढकलत आणतात आणि नेमका स्टेजच्या रॅम्पच्या तोंडाशी लावतात.

"काढा तिथून."

"ताई, जगह खाली होती. आज कोण चढून राहिलं इथून?"

आता भाऊ असते तर कार्यालय डोक्यावर घेतलं असतं.

भाऊ आमच्या गल्लीतले विमा एजंट. लहानपणी पोलिओ झालेला, कायम व्हीलचेअरवर. एजंट माणसाला गावातल्या प्रत्येक लग्नाचं बोलावणं असतं, त्यामुळे अकोल्यातलं एकही कार्यालय त्यांनी सोडलं नव्हतं. तुम्हीही लग्नात हे दृश्य पाहिलं असेल: खुर्ची पायऱ्यांपाशी दिसली की चार दणकट पाहुणे बाह्या सरसावून धावतात. भाऊ हात वर करायचे. "उचलू नोका. पयले इचारा. मी का तुरीचं पोतं हाओ?"

पाहुणे ओशाळायचे. एखादा खरंच विचारायचा, "भाऊ, उचलू का?"

"नोको."

मग ते खालूनच ओरडायचे, "ओ नवरदेव! आहेर खाली हाय, तुमी खाली या!" आणि नवरदेव यायचा. गावातल्या कितीतरी लग्नांच्या अल्बममध्ये नवरा-नवरी पायऱ्या उतरताना दिसतात, त्याचं कारण हे.

माझ्याकडे ते एका हिवाळ्यात आले, भाचीसाठी तारीख धरायला. बहिणीची एकुलती एक मुलगी, अमरावतीला दिलेली. नवरीला अंतरपाटापर्यंत मामानं आणायचं, ही आपली रीत. पण नातेवाइकांनी परस्पर एक चुलतमामा ठरवून टाकला होता. चालता-फिरता, पायऱ्या चढणारा.

"मामा मी हाओ," भाऊ म्हणाले. "पायऱ्या तुमच्या हायेत. रॅम्प करा."

"भाऊ, जागा जाते. दोन सोफे कमी होतात."

"सोफ्यावर बसणारे उभे राहू शकतात, ताई. मी नाई राहू शकत."

रॅम्प करून घेतला. गवंड्यानं जागा वाचवण्यासाठी तो असा उभा बांधला की संध्याकाळी गल्लीतली पोरं त्यावरून घसरू लागली. भाऊंनी पाहिला. "चढून पाह्यलं का कोनी?" हा त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न. कुणीच पाहिलं नव्हतं. "ही घसरगुंडी हाय. पोरायले ठेवा, मले दुसरा करा."

दुसरा केला. लांब, निवांत, वळण घेऊन जाणारा. भाऊ स्वतः चढून उतरले आणि म्हणाले, "आता जमलं." गंमत म्हणजे तेव्हापासून त्या रॅम्पवर सगळ्यात जास्त गर्दी दुखऱ्या गुडघ्यांची असते. पायऱ्यांकडे आता फक्त फोटोग्राफर फिरकतो.

लग्नाच्या दिवशी वरात दारात आली आणि बॅन्डपुढे नाचतच राहिली. आत भटजी घड्याळ बघून दमले. अखेर वरात आत आली, घामानं निथळत, आणि वराकडच्यांनी गरमी होते म्हणून सगळ्यात मोठा कूलर सरकवून घेतला. कुठे? रॅम्पच्या तोंडाशी. जागा रिकामी दिसली ना! त्यात गळ्यापर्यंत पाणीही भरलं.

नवरी निघाली. भाऊंच्या खांद्यावर तिचा हात. फेटा, नवा सदरा, चाकांना झेंडूच्या माळा. रॅम्पपाशी आले आणि थांबले.

चुलतमामा तयारच होता. "चाल बेटा, मी नेतो." चार पाहुण्यांनी बाह्या सरसावल्या.

"उचलू नोका," भाऊ म्हणाले.

भाची जागची हलली नाही. नवरदेव मुलगा चांगला, तो म्हणाला, "आम्हीच खाली येतो, अंतरपाट खालीच धरू." बायका लगेच "वा वा" करायला लागल्या.

"जवाईबापू, वरच थांबा. मले लग्न खाली नाई आनायचं. मले वर यायचं हाय."

भटजी कासावीस झाले. "अहो, मुहूर्त चालला!"

"महाराज, वरात नाचत होती तवा मुहूर्त बाहेरच उभा होता. कूलर सरकेपर्यंत बी थांबन तो."

मांडव हसला. पण पाण्यानं भरलेला कूलर काही हलेना. शेवटी सलीमभाईंनी खालचं बूच काढलं आणि त्यातलं सगळं पाणी वऱ्हाडी मंडळींच्या पायांखालून वाहत गेलं. अमरावतीच्या बायकांनी शालू गुडघ्यापर्यंत घेतले. वरबाप पॅन्ट धरून सोफ्यावर चढला. चढता आलं त्याला.

रस्ता मोकळा झाला. भाऊ चाकं फिरवू लागले. भाचीचा हात सवयीनं खुर्चीच्या मुठीवर गेला.

"इचारलं का?"

"मामा, ढकलू का?"

"नोको."

वळणावर त्यांना दम लागला. फेटा कानावर आला.

"आता ढकल," ते म्हणाले.

त्या अल्बममध्ये भाऊ स्टेजवर आहेत, अगदी मधोमध. फेटा अजून कानावरच.

भाऊ मागच्या दिवाळीच्या आधी गेले. ताप आला, दवाखान्यात नेलं, तिथून घरी आणलं ते झाकूनच. गल्ली जमली होती. चार जण तिरडीला हात घालायला वाकले आणि भाची म्हणाली, "थांबा."

ती खाली बसली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मामा, उचलू का?"

वाकलेले चौघं तसेच थांबले. किती थांबायचं ते कुणालाच कळेना. बॅन्डसमोर वरात थांबते तशी आख्खी गल्ली थांबून राहिली. मग तीच उठली आणि म्हणाली, "उचला."

तर आज कूलर मी सरकवून घेतला. सलीमभाई कुरकुरले, पण रॅम्पच्या पलीकडे भिंतीशी नीट बसवून गेले.

४ एप्रिल. सकाळी मी पाहुण्यांसाठी ऑफिसात ठेवलेली व्हीलचेअर काढली, पुसली, तिच्यात बसले आणि स्वतः चाकं फिरवत रॅम्प चढायला घेतला. हात भरून आले. वळणावर कूलरच्या पाण्याचा पाइप आडवा पडला होता, चाक अडलं. सलीमभाई हातातली शिडी टाकून धावत आले आणि एकदम थबकले.

"ताई, उचलू का?"

"नको," मी म्हटलं. "पाइप काढा."